सात नंबरच्या मागं

स्टेशनामागची जिनिंग. जालना.
मी फक्त फरशीवाला.
इमारत रुळाला धरून बांधलेली,
गाठी थेट वाघिणीत पडाव्यात म्हणून.
भिंतींना रेल्वे ठाऊक, किबला ठाऊक नाही.

हाफिज मुनव्वर होकायंत्र घेऊन आले, पितळी, जुनं.
सुई फिरली, थांबली, परत फिरली.
दाबप्रेस अजून उपटायची होती,
कितीतरी टन बीड जमिनीत पाय रोवून.
दोन पावलं अलीकडं उत्तर वेगळी,
दोन पावलं पलीकडं वेगळी.
"इत्ता लोहा," हाफिज म्हणाले, "सुई बावली हो गई."
मोबाईल तिसरंच सांगत होता.
मी गुण्या घेऊन बसलो. मला काटकोन कळतो, बस्.

रहिमतबी नातवाचा डबा घेऊन आली.
पदर नाकाला, सवयीनं.
कापूस उडायचा थांबून सतरा वर्षं झाली.
तिचा जिन सात नंबर. उरलेत चार बोल्ट.
तिनं चपला काढल्या,
बोल्टांच्या मागं गेली, जरा सरकली,
तुटकी काच डाव्या खांद्यावर आली तशी थांबली.
"हितं. असरला.
मुकादम पट्टा थांबवायचा नाही.
तेवढा वेळ यमुनाबाई माझा जिन बघायची."

मी खाली पाहिलं.
सगळी फरशी तेलानं काळी,
तिथं तेवढी उजळ,
एका गोणपाटाच्या मापाची.
तिरकी.

त्या उजळ कडेला दोरी लावली.
दुसरं टोक हाफिजांनी धरलं, काही न बोलता.
चुन्याची पहिली रेघ पडली आणि भिंतीशी भांडली.
मधल्या ओळीत चाळीस माणसं,
कोपऱ्यातल्या ओळीत जेमतेम तीन.
कमिटीचे इनामदार म्हणाले, जागा वाया जाते, मिस्त्री.
मी म्हटलं, जाते.

रहिमतबीला विचारलं, जुम्म्याला येणार ना?
"बायांचं अजून ठरायचंय,"
ती म्हणाली, चपला शोधत.
डब्याचं झाकण घट्ट आहे का तेवढं बघितलं,
आणि गेली.

सांजेला पंखा लावून पाहिला.
कैच्यांवरचा जुना कापूस सुटला,
हळूहळू खाली येत
ओल्या चुन्यावर बसला.
पोरांनी झाडला. परत पडला.

रात्री बायकोनं माझ्या केसातला पुंजका काढला.
कुठं लागलायत कामाला?
मशिदीत, म्हणायचं होतं.
जिनिंगवर, म्हणालो.