भरलेला वजा रिकामा

पत्ता विचारला की मी वर्षानुवर्षं म्हणत आले,
"पनवेलजवळ."
समोरचा मान डोलवायचा.
पनवेलला निदान काहीतरी आहे, असं त्याला वाटायचं,
आणि मलाही.

कळंबोली म्हटलं की
लोकांना आठवते ती बस,
किती उशिरा आली, कंडक्टर काय बोलला,
सर्कलवर पुलाच्या सावलीत
किती वेळ उभं राहावं लागलं.
सातारा आठवतो, पुणं, कोल्हापूर,
जिथं जायचं होतं ते.
इथं फक्त बॅग टेकवली होती पायाशी.

नौपाड्याच्या मामेसासूबाई एकदा म्हणाल्या,
"तिकडे ट्रकच राहतात ना गं?"
हो, म्हटलं, आम्ही त्यांच्यात भाड्यानं राहतो.
त्या हसल्या नाहीत,
चहात साखर ढवळत राहिल्या.

खोटं तरी काय त्यात.
लोखंड बाजारात वजनकाट्यावर बसते मी,
बावीस वर्षं.
रिकामा ट्रक येतो, त्याचं वजन.
तोच भरून येतो, त्याचं वजन.
पावतीवर भरलेला वजा रिकामा,
एवढ्यावर सगळा बाजार चालतो.
सळ्या, पत्रा, चॅनेल, अँगल,
शहरात जे जे उभं राहून फोटोत येतं
ते आधी माझ्या काचेपुढून आडवं पडून गेलंय.
हे मी घरीसुद्धा बोलत नाही.

आमच्या सेक्टरात पाहण्यासारखं काही नाही.
म्हणून बाकावर जागा असते.
संध्याकाळी शेजारची भिंत आमचीच भिंत असल्यानं
त्यांची फोडणी आमच्याकडे बसते,
आणि कुणाला रात्री तीनला चहा हवा झाला
तर हायवेवर तो मिळतोच,
आलं ठेचलेलं, कप जरा मळका.
मुलगा म्हणतो, आई, हे काय कौतुक आहे?
नसेल. मी कुठं म्हटलं कौतुक आहे.

धाकलीबाई जिताडं घेऊन येते मंगळवारी.
दुपारी बाजार थंड होता,
गंमत म्हणून तिला काट्यावर उभी केली, टोपलीसकट.
आकडा थरथरला आणि सत्तरवर थांबला.
मी आतून ओरडून सांगितला.
तिनं पायानं लोखंडी पत्रा दोनदा ठोकला,
"याच्याखाली माजा शेत हाय, बाय.
त्याचा वजन कवा केलास?"
आणि उतरली.
काटा शून्यावर आला, नेहमीसारखा.
पावती फाडली नाही मी त्या दिवशी तिची.
फाडायची तर
वजा काय लिहायचं?

मग गेल्या थंडीत तो बलकार.
गोबिंदगडहून पत्रा घेऊन आलेला,
किती दिवस चालवत होता कोण जाणे,
डोळे कोळशासारखे.
ट्रक काट्यावर चढवला, इंजिन बंद केलं,
आणि उतरायच्या आधी घरी फोन लावला.
पंजाबी मला येत नाही.
पण एक शब्द आला, कळंबोली,
आणि त्याच्यामागून एवढा मोठा श्वास
की फोनच्या पलीकडे कुणीतरी
देवापुढचा दिवा सारखा केला असेल.
तो "पोचलो" म्हणत होता.

माझ्या गावाच्या नावापुढे
हे क्रियापद मी कधी ऐकलं नव्हतं.
सुटलो ऐकलं होतं. अडकलो, उतरलो, चुकलो.

त्या आठवड्यात बँकेत फॉर्म भरायचा होता.
पत्त्याच्या चौकटीत लिहिलं कळंबोली,
आणि हात आपसूक पुढं गेला: पनवेलजव
तिथं थांबले. खोडलं.
खिडकीतला पोरगा म्हणाला,
"मॅडम, खाडाखोड चालत नाही.
नवा घ्या."

घेतला.