विनंती थांबा

वहीची मागची पानं संपली
तेव्हा यांनी जुनं वेबिल-बुक काढलं.
कार्बन अजून काळा होता.
वरुड आगारात एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक;
वेळापत्रक म्हटलं की बोटं आपोआप निळी होतात.

ग्वाटेमाला, सुटणे सहा पंचवीस.
सान साल्वादोर, पोच अकरा चाळीस.
मध्ये सीमा, शिक्का, नाश्ता वीस मिनिटं.
लिऑन. ग्रॅनडा. पुढं कोस्टा रिका,
"तिथं घाट हाय, अर्धा तास जास्तीचा धर."
तिथला घाट यांनी कुठं पाहिला देव जाणे,
पण धरला मी.

खेरडे बाई कुंपणावरून विचारतात,
दुबई नाही, बँकॉक नाही,
हे काय तिरपागडं काढलं तुम्ही?
सोप्पं नाही सांगणं.
बावीस वर्षं सातवीकडून मी
जगाचा नकाशा करून घेतला लगद्याचा,
जुने पेपर, भिजवलेली मेथी, चुना.
आफ्रिका टिकायची. आपण टिकायचो.
वाळता वाळता दरवर्षी
दोन अमेरिकांमधली ती बारीक मान तडकायची,
पोरं म्हणायची, बाई, गेलं पुन्हा.
मग बाभळीचा डिंक लावून
पाच-सहा देश मी चिमटीत धरून बसायची
मधली सुट्टी संपेपर्यंत.

इतकं धरल्यावर
वाटणारच ना माणसाला,
एकदा जाऊन बघावं, बरी आहे का.

पैशाचं म्हणाल तर माझी ग्रॅच्युइटी.
महिना जानेवारी, आंबियाची तोड आटोपलेली,
तिकडेही कोरडा मोसम.
पिवळ्या तापाची लस नागपूरला मिळते म्हणे,
सहा व्हिसे कुठं मिळतात ते धनराज पाहतोय,
ज्यानं एके वर्षी पनामा खिशात घालून घरी नेला होता.

भांडण झालं ते निकाराग्वात.
यांच्या तक्त्यात समुद्र असा:
पोच दोन वाजता, सुटणे दोन पंचेचाळीस,
शेरा: चहापाणी.
मी खोडून लिहिलं, चार दिवस.
"चार दिवस तिथं करते काय मानूस?"
काहीच नाही.
"मंग काहीच नाही कराले चार दिवस कायले लागते?"
रात्री उशिरा म्हणाले, नियमातच बोलले,
"विनंती थांबा टाकतो फार तर.
कोनी हात दाखवला तं गाडी उभी राहीन."

रविवारी मी यांना सिंभोऱ्याला नेलं,
अप्पर वर्धेच्या काठावर.
सतरंजी, भाकरी, ठेचा.
घड्याळ घरी ठेवायला लावलं.
तालीम करू म्हटलं, नुसतं बसण्याची.

पाऊण तासात मी डबा धुतला.
सतरंजीचे गोंडे सोडवले, पुन्हा गुंफले.
कोणाचं तरी बकरू हाकललं.
पाय झटकून उभी राहिले, म्हटलं,
निघायचं का?

हे पाण्याकडे पाहत होते.
पाणकावळे मोजत असतील असं मला वाटलं होतं,
तेही नाही.
"बस नं," म्हणाले.

ऊन उतरलं तरी आम्ही तिथंच.
मला अवघडच गेलं, खरं सांगते.

घरी येऊन यांनी ग्रॅनडा काटलं,
समुद्रापुढं पाच लिहिलं, दाबून,
खालच्या तिन्ही प्रतींवर उठेल असं.
मग दिवा मालवल्यावर, अंधारात:
"समुद्राचा वास दुरूनच येते का वो? खारट?"

दर हजारी पस्तीस,
मी म्हटलं,
क्षारता.
वासाचं पुस्तकात नव्हतं.