ध्वनी : निनावे

कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटच्या पानावर,
फुलवाल्याच्या खाली, जनरेटरवाल्याच्या वर
छापलेलं असायचं : ध्वनी – निनावे.
निवेदिका पुण्याची. तिने जोशात वाचलं,
"आणि ध्वनिव्यवस्था… निनावी!"
लोक हसले, टाळ्याही पडल्या.
भोजराजभाऊंनी तिचा फेडर केसभर वर केला,
शेवटच्या रांगेलासुद्धा ती चूक
स्वच्छ ऐकू जावी म्हणून.

तांडापेठेतल्या विणकराचा हा मुलगा.
बापाचा माग बंद पडला त्या साली
खटक्यांशिवाय झोपच येईना,
म्हणून म्हणे एका भोंगेवाल्याकडे कामाला लागला.
केबल गुंडाळायला मला त्यांनीच शिकवलं :
"एक वेढा सरळ, एक उलटा. पीळ नको घालू, पोरी.
तार माणसाहून जास्त ध्यानात ठेवते."

मी तेव्हा सतरा वर्षांची, बारावी नापास.
घरी सांगितलेलं, कॉम्प्युटर क्लासला जाते.
पहिलं वर्ष पेट्या उचलण्यात गेलं,
दुसरं 'चेक, चेक, वन, टू' म्हणण्यात.
रिकाम्या खुर्च्यांशी
माझ्याइतकं नागपुरात कोणी बोललं नसेल.

मे महिना. कस्तुरचंद पार्क.
रात्रीचे आठ, तरी जमीन तव्यासारखी.
स्टेजमागे चार कूलर,
आणि स्पीकरमधून एक बारीक घुम्म.
आयोजक म्हणाले, "चालते हो, कोणाले ऐकू येते?"
भाऊ उकिडवे बसले.
तुटलेला धागा शोधावा तशी
एकेक वायर बोटांनी चाचपत गेले.
तिसरा कूलर. अर्थिंग.
घुम्म गेली, आणि मागून मैदान ऐकू आलं :
भेळवाल्याचा चमचा, कुणा बाळाची उचकी,
रिझर्व्ह बँकेच्या चौकात गिअर बदलणारी बस.
खळ दिलेल्या सुतासारखं, सगळं सुटं सुटं.

गायिका मुंबईची. अंगात ताप.
दुसऱ्या कडव्यात वरच्या षड्जाकडे जाताना
आवाज फाटायला आला.
फाटण्याआधीच भाऊंचं बोट हललं.
कोरसमधल्या कुमुद पौनीकरचा माईक
तिळाएवढा वर,
आणि कुमुदचा सूर त्या बाईच्या पायाखाली
फळीसारखा सरकवला.
एवढ्या मैदानाला वाटलं, तीच गायली.
तिलाही तसंच वाटलं.
कुमुदला तेवढं कळलं. तिने एकदा
आमच्या अंधाराकडे बघितलं
आणि पुढची ओळ उचलली.
मानधनाच्या पाकिटात तिला त्या दिवशीही
बाराशेच होते.

दोन वर्षं झाली, भाऊ मला शेजारी बसवतात.
"शिट्टी येऊन राहिली का?" सहज विचारतात.
मी मान हलवली की एक बटण फिरवतात.
मला वाटायचं, शिकवताहेत.
परवा मेडिकलमध्ये कानाच्या डॉक्टरीणबाईंनी
आलेख दाखवला.
डावीकडून रेघ बरी चाललेली, मग
गांधीसागराच्या पायऱ्यांसारखी खाली, पाण्यात.
चार हजारांच्या वर काहीच नाही.
झांज नाही, चिमणी नाही, स-श-ष नाहीत.
भाऊ हसले. "म्हणजे शुद्ध बोलणं गेलं फक्त.
आपलं राहिलं."
बाहेर येऊन मात्र चहा गार होईपर्यंत
काही बोलले नाहीत.
मीही विचारलं नाही, कधीपासून
माझ्या तोंडावरून मिक्सिंग करताय.

पहाटेचे तीन. खुर्च्यांच्या थप्प्या लागल्यात.
मंडपवाल्याचा पोरगा हारातले गुलाब वेचतोय.
आम्ही गुंडाळतो, एक वेढा सरळ, एक उलटा.
स्टेजवर एक माईक चालूच राहिलाय,
त्यात कुठलासा रातकिडा शिरलेला,
अख्ख्या पार्कात घुमतोय.
भाऊ थांबतात. माझ्याकडे बघतात.
मी मान हलवते : आहे.
"कसा आहे?"
"बारीक. थोडा कोरडा, भाऊ."
त्यांचा हात बटणाजवळ जातो,
तिथेच राहतो.
"असू दे," म्हणतात. "गाऊ दे त्याले."