तीन ठोके

पहिले दोन दिवस काटा चारवर होता.
हिवाळाभर उघडं पडलेलं माझ्या नीव्हाचं इंजिन
नव्या रिंगा, नवी बेअरिंग लेवून
ओनीच्या बाजारातून मिरवत गेलं.
बाजूला नुग्झार, खिडकीबाहेर कोपर काढून.

तिसऱ्या दिवशी, शोव्हीच्या चढावर,
मागच्या सीटवर लसींचा डबा,
काटा बसला.
पडला नाही, बसला,
दमलेला माणूस पायरीवर बसतो तसा.
मग लाल दिवा.
मी किल्ली फिरवली. डोंगर एकदम ऐकू यायला लागला.

मी गुरांची डॉक्टर. लोकांना वाटतं
आता ही रक्तदाबाची उपमा देणार.
नाही देणार. गाय दुखलं की लाथ मारते.
लोखंड काही सांगत नाही,
गुपचूप झिजतं आणि एकदाच ओरडतं.

काटा खोटं बोलत असेल, नुग्झार म्हणाला.
सेन्सर बदलला. काटा तेच बोलला.
मग त्यानं जुन्या ट्रॅक्टरचं पितळी गेज आणलं,
विजेवाचून चालणारं,
त्याची नळी थेट ब्लॉकमध्ये पिळली.
गरम इंजिन, मंद चाल: शून्याच्या अंगाला खेटून.
"हे जुनं आहे, ह्याला खोटं येत नाही,"
म्हणाला, आणि हातमोजे काढून बोनेटवर ठेवले.

शेजारचा वालिको आला. त्याचं सल्ल्यांचं दुकान बारा महिने उघडं.
जाड तेल ओत, ट्रकचं. काटा चढेल.
चढेल की, नुग्झार म्हणाला,
तापातला थर्मामीटर गार पाण्यात बुडवला
की तोही उतरतोच.

फिल्टर बदलला. पंप उघडला: दाते ठणठणीत.
झडपेची स्प्रिंग त्यानं बोटांत दाबली,
कानाशी नेली, जागच्या जागी ठेवली.
मग एकच वाट उरली, खालून.
नीव्हाचं चेंबर काढायचं म्हणजे
पुढचं डिफरन्शियल सोडायचं, इंजिन साखळीनं टांगायचं
आणि अख्खा हिवाळा पुन्हा छातीवर घेऊन झोपायचं.
तो झोपला. मी दिवा धरला.

चेंबरच्या तळाशी, काळ्या तेलात,
कोटाच्या बटणाएवढं एक बूच.

क्रँकच्या पोटातून तेलाची वाट जाते.
धुवायची तर ती उघडावी लागते,
मग नवं बूच, आणि कडेला पंच धरून तीन ठोके.
ठोके नसले तर बूच बसतं, पण नांदत नाही.
बाकीच्यांच्या कडेला तीन-तीन खुणा.
ह्याची कड कोरी, तान्ह्याच्या हिरडीसारखी.

नुग्झार बराच वेळ बोलला नाही.
तेवढ्यात मला आठवलं.
फेब्रुवारी, रात्रीचे नऊ,
ह्याच दारात मी धापा टाकत आले होते:
दारेजानची गाय अडलीय, वासरू उलटं आहे,
माझ्या एकटीच्यानं निघत नाही, चल.
त्याच्या एका हातात पंच होता, एकात हातोडी.
त्यानं दोन्ही ठेवलं. कोट घातला.
पहाटे दोनला वासरू जमिनीवर आलं,
नुग्झारच्या कोपरापर्यंत वाफा निघत होत्या.
सकाळी, न झोपताच, त्यानं क्रँक बसवला.

"तुला आठवतंय?" मी विचारलं.
"सतराचा पाना दे," तो म्हणाला.

बेअरिंग पुन्हा आणली कुताइसीहून, माझ्या पैशानं.
अर्धे पैसे त्यानं माझ्या खिशात कोंबले,
मी ते त्याच्या साखरेच्या डब्यात.
ह्या भांडणाचा निकाल अजून लागायचाय.

ह्या खेपेला हातोडी माझ्याकडे.
एक. दोन.
तिसरा त्यानं पुन्हा मारायला लावला.

काल, गरम इंजिन, मंद चाल: एक.
चढावर चार.
दारेजानच्या कुंपणाशी थांबले, इंजिन चालूच ठेवलं.
तांबडं वासरू कुंपण मोडण्याइतकं दांडगं झालंय.
ते आलं, बोनेटला नाक लावलं,
चटका बसला, मागे सरलं,
आणि पुन्हा लावलं.