पार्श्वभूमीत: एक मूल

वेस्ट व्हर्जिनियाच्या सरकारी तळघरात
नऊ वर्षं मी फिती ऐकतेय.
ऐकायचं, नोंद टाइप करायची, पुढची फीत लावायची.
आता कुणालाही घरबसल्या राज्य पाहता येतं:
नकाशावर बोट ठेवलं की डोंगर उघडतो,
खाणींच्या हजेरीवह्या, पुराचे फोटो,
मोजपट्टीशेजारी निजवलेली जिनसेंगची मुळं
(मानेवरच्या वळ्या मोजा, तेवढी वर्षं),
आणि भुतं, जिल्हावार.

फीत चारशे सतराची नोंद माझीच:
अज्ञात स्त्री, चाळिशीच्या आसपास.
रात्री ओरडणाऱ्या व्हिपरविल पक्ष्याची गोष्ट.
स्थळ हॅकर्स बेंड, पुढे प्रश्नचिन्ह.
दर्जा मध्यम.
पार्श्वभूमीत गोंगाट: एक मूल.

परवा 'चूक कळवा'च्या चौकटीत
एल्डन स्पर्लॉक नावाच्या माणसाने लिहिलं,
बाई अज्ञात नाहीत.
ड्रूसिला स्पर्लॉक. माझी आई.
आमच्या खोऱ्यात रेंज येत नाही,
चर्चच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून ऐकलं.
तीनदा अडकलं, तिन्ही वेळा एकाच जागी,
'आणि मग तो पक्षी'
एवढं म्हणून आई गप्प,
पडद्यावर गरगरणारं चाक, काचांवर माझी वाफ.
तशी ती तेव्हाही इथेच थांबायची,
चुलीत लाकूड सारायला.

दुसरी चूक, स्थळ.
हॅकर्स बेंड नव्हे, त्याच्या वरचं गाव,
जे आता धरणाच्या पोटात आहे.
तुमच्या नकाशात तिथे निळं आहे.
निळ्यावर बोट ठेवलं तर काहीच उघडत नाही.

तिसरी, तिला चूक म्हणवत नाही.
गोंगाट म्हणजे मी.
टेबलाखाली चमच्याने डबा बडवत होतो,
कारण गोष्ट मला पाठ होती
आणि यंत्र घेऊन आलेला तो पाहुणा
माझ्या वाटणीची बिस्किटं खात होता.

मी फीत पुन्हा लावली.
ठण ठण ठण्.
तेव्हा हा आवाज पुसायला मी
अर्धी दुपार घालवली होती. पुरता गेला नाही, नशीब.
आता कान देऊन ऐकलं तर तीन तीन ठोके,
व्हिपरविलच्या हाकेसारखे.
बाई गोष्ट सांगतेय
आणि पक्षी टेबलाखाली बसलाय.
एकदा ठोके थांबतात.
तीही थांबते. वाट पाहते.
ठण् झाल्यावर पुढचं वाक्य.

नाव घातलं. स्थळ बदललं.
साहेबांना न विचारता निळ्यावर एक टिंब ठेवलं.
'गोंगाट' खोडलं, तिथे काय लिहावं सुचेना.
'साथसंगत' लिहिलं, पुसलं.
शेवटी:
एल्डन, वय आठ. डबा.

संध्याकाळी त्याचं उत्तर आलं,
एकाच ओळीचं.
आभार नाहीत, काही नाही.
त्या बिस्किटवाल्याचं नाव
आहे का तुमच्याकडे नोंदलेलं?