ठाव

सळई पोलादी, एक मीटरची, टोकाला बोथट.
मुठीवर निळी चिकटपट्टी गुंडाळलीय
आमच्या आधीच्या वर्षीच्या मुलांनी.
काम सोपं आहे: शेवाळात टोचायची, दाबत न्यायची,
खाली गोठलेली माती लागली की ठक्‌ होतं,
हाताला कळतं, कानाच्या आधी.
मग मोजपट्टी, मग आकडा, मग पुढची खूण.
अकरा गुणिले अकरा, एकशे एकवीस खुणा.

ऑगस्टचा पहिला आठवडा.
सूर्य मावळायला नुकता शिकतोय, अजून जमत नाही त्याला.
ब्रिन आकडे ओरडतो, मी लिहिते:
त्रेचाळीस. अठ्ठेचाळीस. त्रेचाळीस. पाणी. बावन्न.
‘पाणी’ हा आकडा नाही, तो म्हणतो.
मी खोडत नाही.

परीक्षेत व्याख्या लिहिली होती मी, दोन गुणांची:
कायम गोठलेली जमीन म्हणजे
सलग दोन वर्षं शून्याखाली राहिलेली.
दोनच वर्षं.
‘कायम’ इतकं स्वस्त
मी आधी कुठे पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी रोझाबेल म्हणाली, ती सळई घेऊन ये.
तिच्या घरामागे लाकडी झाकण,
खाली शिडी, चौदा पायऱ्या,
आणि तिच्या वडिलांनी दोन हिवाळे खणलेलं तळघर.
इथे देवमाशाचं मांस राहायचं, वर्षभर, ताजं.
‘बाबा कुदळ मारायचे तर ठिणगी उडायची मातीतून,’
ती म्हणाली, ‘मी सात वर्षांची, वरून बघायचे.’

आता भिंतीला घाम.
कोपऱ्यात एक बादली, एक डबा,
आणि कसलाही वास नाही, हेच जास्त वाईट.
मांस तीन वर्षांपासून शेजारच्या फ्रीझरमध्ये,
वीज गेली की सगळी गल्ली जागी होते.
तरीही दर वसंतात ती खाली उतरते,
चिखल उपसते, भिंती पुसते.
देवमासा आधी घर बघतो, म्हणाली,
स्वच्छ असलं तरच येतो.
बोलताना हसली नाही. मीही नाही.

टोच, म्हणाली.
इथे शून्य यायला हवं होतं.
सळई गेली,
लोण्यात सुरी जावी तशी नाही, अडखळत, पण गेली.
माझ्या मुठीवर तिने आपला हात ठेवला,
मासे साफ करून राठ झालेला.
आम्ही दोघींनी दाबली.
ठक्‌.
ठाव लागला. एकतीस सेंटिमीटर खाली.

‘लिही,’ ती म्हणाली.
माझ्या तक्त्यात ही जागा नव्हती.
एकशे बाविसावी ओळ मी हाताने आखली, वाकडी,
नावाच्या रकान्यात तिचं नाव,
खोलीच्या रकान्यात एकतीस,
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं
हे मला अजून सुचलेलं नाही.
ब्रिनने ती ओळ संगणकात घेतली नाही.
बरोबरच आहे त्याचं. पद्धत ही पद्धत.

वर आल्यावर तिने चहा दिला, दोन चमचे साखर, न विचारता.
मग विचारलं, तुझ्या घराखाली किती खोल आहे?
मी म्हणाले, मोजलं नाही कधी.
तिने मान हलवली, जणू हे उत्तर
तिला आधीच ठाऊक होतं.

सकाळी पुन्हा पहिली खूण.
सळई घातली, दाबली, थांबले.
ठक्‌.
एकोणचाळीस.
इतकं बरं वाटलं, की लाज वाटली.
ब्रिन ओरडला, किती?
मी उशिरा उत्तर दिलं.