खिडकीजवळचं टेबल

नावं नंतर लक्षात राहतात.
आधी लक्षात राहतं, कोणाला किती शिजलेलं लागतं.
बँकेतला क्लाइड : आतून गुलाबी, कडेला जळकं.
पाद्रीबाईंना रक्त दिसलेलं चालत नाही,
पण नवरा हात धुवायला गेला
की त्याच्या ताटातला एक तुकडा चालतो.
हायस्कूलची पोरं सामना हरून येतात
तेव्हा काहीही चालतं,
फक्त बटाटे दुप्पट.

हायवेवरून गेलात तर दोन मिनिटांचं गाव.
रात्री दिवे तीन, त्यातला एक आमचा :
निऑनचा बैल, मागचा एक पाय विझलेला.
तरी शनिवारी पाच वाजले
की पिकअप गाड्या नाक खुपसून उभ्या राहतात
गव्हाणीला लागल्यासारख्या.

मिलो स्लामा भट्टीपाशी.
घड्याळ बघत नाही.
स्वतःचा तळहात अंगठ्याखाली दाबतो, मग मांस दाबतो,
"अजून मिनिटभर" म्हणतो,
स्वतःला की मांसाला, कळत नाही.
आजोबांनी बोहेमियाहून आणलं ते म्हणे एवढंच :
एक लोखंडी जाळी, आणि ही दाबून बघायची खोड.

आणि एमिल पोकोर्नी.
पाठ भिंतीला, तोंड खिडकीकडे.
मेन्यू कधी उघडला नाही.
मी विचारायची नाही, तो सांगायचा नाही.
टी-बोन, हाडापाशी कच्चं,
कांद्याच्या चकत्या, कॉफी जेवणाआधी.
आमचा सुरा बाजूला सारायचा,
खिशातून आपला चाकू काढायचा, पँटला पुसायचा,
पहिला घास तोंडात धरून डोळे मिटायचा
आणि निकाल द्यायचा : "हे माझ्याकडचं नाही."
वर्षातून एखाद्या वेळी : "माझं."
मिलो आतून ओरडायचा,
"ओमाहाहून आलंय, खोक्यात भरून!"
एमिल ऐकून घ्यायचा.
निकाल फिरवायचा नाही.

ऑक्टोबरात त्यानं कळप विकला.
तीन वर्षं गवतानं दगा दिला, गुडघे गेले,
मुलगा डेन्व्हरला लोकांचे दात बघतो.
लिलावाला निम्मं गाव होतं.
बोली पुकारणाऱ्यानं दोनशे बारा जनावरं
पावणेदोन तासांत संपवली.
मध्ये एकदाच पाणी प्यायला.

त्या शनिवारी एमिल आला. वेळेवर.
टोपी काढली. कॉफी घेतली.
मी नेहमीसारखी न लिहिताच वळले,
तर म्हणाला,
"आर्डिस, मासा आहे का?"

शेजारच्या टेबलावर कोणीतरी काटा खाली ठेवला.

मासा होता.
ईस्टरआधीच्या उपासाच्या शुक्रवारांसाठी आणलेला,
फ्रीझरच्या तळाशी बर्फात रुतलेला.
मिलोनं खोका फोडला,
तव्यावर टाकला, अंगठ्यानं दाबला,
मग माझ्याकडे बघत राहिला.
तळहातावर माशाची खूण कुठे असते
हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

वाईट झाला होता. उरलेला मी चाखला, म्हणून सांगते.
एमिलनं अर्धा खाल्ला, नुसत्या काट्यानं.
चाकू खिशातच राहिला.
निकाल दिला नाही.
टेबलावर नेहमीपेक्षा एक डॉलर जास्त होता,
त्रास दिल्यासारखा.

पुढच्या शनिवारी मी टेबल राखून ठेवलं.
बाहेर रांग, वारा, लोकांच्या नजरा, तरी.
सहा वाजून गेले तेव्हा आला. चष्मा आणला होता.
मेन्यू पहिल्या पानापासून धरला
आणि ओठ हलवत वाचत बसला,
परक्या गावात उतरलेला माणूस
दुकानांच्या पाट्या वाचतो तसा.
"तुमच्याकडे सूप असतं?"
"असतं की. मी लागले त्याच्या आधीपासून."
"कसलं?"

एकतीस वर्षं झाली मला इथे.
आणि देवाशपथ,
मला आठवेना.